करंगळीमागचं हाड मोडलं, कोर्टवर परत कधी? नागपूरच्या खेळाडूंसाठी पायरीपायरीनं

शटल नेटच्या जरा अलीकडे पडत होतं. मी झेपावले, उजवा पाय टेकला तो नेमका बाहेरच्या कडेवर, आणि 'टक्' असा आवाज आला. शेजारच्या कोर्टवरचे काका थांबून म्हणाले, "रॅकेटची गटिंग (तार) गेली वाटते!" गेलं होतं पायाचं हाड. पाचवं मेटाटार्सल, म्हणजे करंगळीच्या मागे पावलाच्या बाहेरच्या कडेनं जाणारं लांबट हाड.

ही गोष्ट फेब्रुवारीतली. मी पूर्ण गेम खेळले ती दिवाळीनंतर. खरं तर जुलैतच खेळले असते, मधले महिने माझ्या घाईनं खाल्ले. ते पुढे सांगतेच. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. प्लॅस्टर की ऑपरेशन, किती आठवडे, हे तुमचे ऑर्थोपेडिक डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्या केबिनमध्ये पाच-सात मिनिटं मिळतात आणि खरे प्रश्न घरी आल्यावर, रात्री पाय उशीवर ठेवून पडल्यावर सुचतात. त्या प्रश्नांसाठी हे लिहितेय. उदाहरणं बॅडमिंटनची आहेत. तुमचा खेळ कबड्डी, फुटबॉल किंवा नुसतं धावणं असेल, तरी शेवटची पायरी सोडली तर बाकी सगळं तेच.

पायरी १: लचक की फ्रॅक्चर, हे घरी ठरवू नका

त्या रात्री आमच्या हॉलमध्ये तीन मतं होती. सासूबाईंचं मत हळद-चुन्याच्या लेपाचं. नवऱ्याचं मत "सकाळी पाहू". आणि वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "काही नाही झालं वं, लचकलं आहे. इतवारीत एक जण आहे, एका झटक्यात बसवून देतो." तो झटका मी घेतला नाही, ही त्या रात्रीची माझी एकमेव अक्कल.

एक्स-रे काढायचा की नाही, यासाठी जगभरचे डॉक्टर एक सोपी कसोटी वापरतात. कॅनडातल्या ओटावामधल्या डॉक्टरांनी ती १९९२ मध्ये मांडली. पावलापुरती ती अशी: करंगळीच्या मागे बोट सरकवत आलात की पावलाच्या मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबून दुखतो का? आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड दाबून दुखतं का? आणि चार पावलं, लंगडत का होईना, टाकता येतात का? पहिल्या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर 'हो' किंवा तिसऱ्याचं 'नाही' आलं, तर एक्स-रे काढायचाच. घोट्याची हाडं दुखत असतील तर त्यांचाही.

"चालता येतंय म्हणजे मोडलं नाही" यावर अजिबात विश्वास ठेवू नका. मी गाडीपर्यंत चालत गेले होते.

तोवर पाय उंच ठेवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा. मालिश नाही, शेक नाही, ओढाओढी तर नाहीच. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, कातडी फाटून जखम झाली किंवा पाऊल वाकडं दिसत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तळव्यावर, म्हणजे पावलाच्या खालच्या बाजूला काळंनिळं दिसलं तर डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा. पावलाच्या मधल्या सांध्यांची इजा अशी दिसते. साध्या एक्स-रेत ती निसटू शकते आणि अंगावर काढली तर फार महाग पडते.

आणि कोणीतरी ऋषभ पंतचं नाव घेणारच. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर कसोटीत यॉर्कर पायावर बसून त्याचं हाड मोडलं, तरी तो लंगडत परत आला आणि अर्धशतक पूर्ण केलं, हे खरं. पण त्यानंतर तो त्या मालिकेतली शेवटची कसोटी खेळला नाही, आशिया कप खेळला नाही, वेस्ट इंडीजविरुद्धची घरची मालिकाही खेळला नाही. ही दुसरी अर्धी गोष्ट सांगायला कोणी येत नाही.

पायरी २: कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

नागपुरात हाडांचे खासगी दवाखाने धंतोली आणि रामदासपेठेत दाटीवाटीनं आहेत. सरकारीत मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स. सरकारीत ओपीडीसाठी सकाळी लवकर जा, आणि केसपेपरच्या रांगेत उभं राहायला धडधाकट माणूस सोबत न्या. मोडक्या पायाच्या माणसानं बाकावर बसायचं असतं.

पहिल्या दिवसापासून एक प्लॅस्टिकची फाइल करा. तिच्यात हे ठेवा:

- आधार कार्ड, आणि सरकारी योजनेत बसत असाल तर रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड
- प्रत्येक भेटीचा केसपेपर आणि औषधांची चिठ्ठी
- सगळ्या एक्स-रेंच्या फिल्म किंवा सीडी, मागे तारीख घालून (मोबाइलमधला फोटो पुरत नाही, भेग त्यात नीट दिसत नाही)
- बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या, बूट आणि कुबड्यांच्यासुद्धा
- मेडिक्लेमची पॉलिसी आणि कार्ड
- ऑपरेशन झालं तर डिस्चार्ज कार्ड, आणि आत घातलेल्या स्क्रूचं स्टिकर व बिल
- रजेसाठी मेडिकल सर्टिफिकेट आणि नंतरचं फिटनेस सर्टिफिकेट

मेडिक्लेमवाल्यांसाठी एक धोका. बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च देतात. ओपीडीत प्लॅस्टर लावून घरी आलात, तर खर्च खिशातूनच जाण्याची शक्यता जास्त. ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच दवाखान्याच्या इन्शुरन्स डेस्कवर कॅशलेसची मंजुरी मागा आणि कंपनीला कळवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. कोणत्या उपचाराला योजना लागू आहे, हे भरती होण्याआधी त्याला विचारा.

कॉलेजच्या किंवा क्लबच्या टीममध्ये असाल तर फिटनेस सर्टिफिकेट हा नुसता कागद समजू नका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरकडून सही घेणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकीला मी शिकवते. ती यंदा प्रेक्षकांत बसली होती.

पायरी ३: एकच प्रश्न नीट विचारा, "नेमकं कुठे मोडलंय?"

"पाचवं मेटाटार्सल मोडलंय" एवढ्यानं काहीच कळत नाही. हे हाड मागच्या टोकाला तीन जागी मोडतं आणि तिन्हींचं नशीब वेगळं असतं. एक्स-रे समोर धरून डॉक्टरांना बोटानं दाखवायला सांगा.

पहिली जागा अगदी टोकाचा उंचवटा. पाय आत मुरगळला की तिथे चिकटलेला स्नायूबंध हाडाचा तुकडा ओढून काढतो. यातल्या त्यात हे बरं. बहुतेकांना कडक तळव्याचा बूट मिळतो, सोसेल तेवढा भार टाकता येतो आणि सहा-आठ आठवड्यांत गाडी रुळावर येते.

दुसरी जागा त्या टोकापासून थोडी पुढे. याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननं १९०२ मध्ये या फ्रॅक्चरवर लिहिलं, आणि त्यातला एक पाय त्याचा स्वतःचा होता, नाचताना मोडलेला! या जागी रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यामुळे हाड सावकाश जुळतं आणि कधी कधी जुळतच नाही. म्हणून सहा ते आठ आठवडे पाय अजिबात टेकायचा नाही, किंवा मग आतून स्क्रू. स्पर्धेत खेळणाऱ्यांना डॉक्टर बरेचदा स्क्रू सुचवतात. माझं हेच होतं. मी प्लॅस्टर निवडलं.

तिसरी जागा आणखी पुढे, हाडाच्या दांड्यात. ती बहुधा एका दणक्यात मोडत नाही, रोजच्या ताणानं झिजत जाते. तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

स्क्रू घातला म्हणजे सुटलो, असंही नाही. बास्केटबॉलपटू केविन ड्युरांटच्या पायात ऑक्टोबर २०१४ मध्ये याच हाडासाठी स्क्रू घातला. फेब्रुवारी २०१५ मध्ये दुसरं ऑपरेशन झालं, मार्चमध्ये तिसरं. जगातले उत्तम डॉक्टर आणि हवा तेवढा पैसा असून ही गत. हे मी घाबरवायला सांगत नाही. जुळायचं की नाही ते हाड ठरवतं, एवढंच लक्षात असू द्या.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी इथे जरा थांबा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर; त्यासाठी पहाटे सिमेंट रोडवर, झिजलेल्या बुटांत धावणारी पोरं या शहरात रोज दिसतात. त्यांचं बहुतेक दुसरं-तिसरं मेटाटार्सल ताणानं चिरतं. याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात; मार्च म्हणजे महिना नव्हे, शिपायांची कूच. लष्करी शिपायांच्या सुजलेल्या पावलांवर एका प्रशियन डॉक्टरनं १८५५ मध्येच लिहून ठेवलंय. यातली मेख अशी की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून परत धावायला जाऊ नका. काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय लागेल का, ते विचारा.

मुलगा-मुलगी दहा-बारा वर्षांची असेल तर आणखी एक. त्या वयात या हाडाच्या टोकाला वाढीची रेघ असते आणि ती एक्स-रेत फ्रॅक्चरसारखी दिसते. साधारणपणे ती रेघ हाडाच्या लांबीच्या दिशेनं जाते, फ्रॅक्चरची आडवी. हे ठरवायचं काम अर्थात डॉक्टरांचं.

पायरी ४: प्लॅस्टर आणि कुबड्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून लांबण लावते.

कुबड्या दुकानातून जशा येतात तशा वापरू नका. आधी उंची लावा. सरळ उभं राहिल्यावर कुबडीची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, आणि मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं. अंगाचा भार तळहातांवर. काखेत लटकलात तर तिथल्या नसा दबतात आणि हाताला मुंग्या येतात. मी तीन दिवस लटकले. चौथ्या दिवशी खडू धरता येईना.

जिन्यासाठी एक सूत्र पाठ करा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कुबड्या कायम दुखऱ्या पायासोबत. कठडा असेल तर एका हातात कठडा, दुसऱ्यात कुबडी. पहिले काही दिवस मी सरळ बसून, एकेक पायरी सरकत उतरले. लाज वाटली, पण पडले नाही.

नागपूरचा खास धोका म्हणजे कूलर. मार्च संपता संपता घरोघरी ताट्या बदलल्या जातात, टाकीत पाणी भरताना बादलीभर पाणी फरशीवर सांडतं, आणि आपल्या कुबडीचं रबर त्या ओल्या फरशीवर बर्फावरच्यासारखं सरकतं. मी एकदा सोफ्यावर पडले म्हणून वाचले. त्या दिवसापासून घरात नियम झाला: कूलर भरला की आधी फरशी पुसायची, मग मला हाक मारायची. कुबडीखालची रबरं झिजून गुळगुळीत झाली की बदला. मेडिकलच्या दुकानात सुटी मिळतात.

बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल, पायावर जाड पिशवी आणि वर घट्ट चिकटपट्टी. देशी संडास असेल तर पहिल्या दिवशीच कमोडची खुर्ची भाड्यानं आणा. एका पायावर उकिडवं बसायचा प्रयत्न करू नका. एवढं सांगितलं की पुरे.

प्लॅस्टरच्या आत खाज सुटणार. उन्हाळ्यात तर वेड लागायची पाळी येते. विणकामाची सुई, फूटपट्टी, पेन्सिल, यातलं काहीही आत घालू नका. कातडी खरचटली तर आतल्या आत चिघळते. ड्रायरची गार हवा सोडा किंवा कूलरसमोर बसा.

दिवसातला बराच वेळ पाऊल छातीपेक्षा उंच हवं. खुर्चीसमोर स्टूल ठेवणं म्हणजे उंच ठेवणं नव्हे. आडवं पडून खाली दोन उश्या. बोटं मोकळी असतील तर दर तासाला हलवा. पोटरी एकाएकी दुखायला, तापायला, फुगायला लागली किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर ताबडतोब दवाखाना. पाय बांधून ठेवल्यावर शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. प्लॅस्टर फार आवळतंय, बोटं गार किंवा बधिर पडलीत, तरीही रात्रीच फोन करा.

बाहेर पडायचं असेल तर मेट्रो. स्टेशनवर लिफ्ट आहेत, डब्यात राखीव जागा आहेत आणि सीताबर्डीला गाडी बदलतानाही लिफ्टनं जाता येतं. प्लॅस्टर सुटल्यावर मी शाळेत मेट्रोनंच जायचे. शेअर ऑटोत कुबड्या घेऊन चढून पाहा म्हणजे कळेल का ते. स्वतः गाडी चालवायचं म्हणाल, तर उजवा पाय मोडला असताना कार नाही, डॉक्टरांनी दिलेला कडक बूट घालून तर नाहीच. स्कूटीचे ब्रेक हातात असतात म्हणून लोक लवकर काढतात. पण सिग्नलला गाडी कलते तेव्हा टेकायला पायच लागतो, आणि तो कोणता टेकेल हे त्या क्षणी आपल्या हातात नसतं.

पायरी ५: खाणं

थोडक्यात. दूध-दही, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, डाळी, चालत असतील तर अंडी आणि मासे. तर्री-पोह्यानं हाड जुळत नाही. मन जुळतं, तेव्हा आठवड्यातून एकदा चालेल. व्हिटॅमिन डीची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. इतक्या कडक उन्हाच्या गावात माझं कमी निघालं. नंतर लक्षात आलं, मी बाहेर पडते ती सनकोट, हातमोजे आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून. ऊन लागणार कुठून? गोळ्या मात्र मनानं सुरू करू नका, या व्हिटॅमिनचा अतिरेकही त्रास देतो.

आणि खर्रा बंद. सिगारेट बंद. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जिथे रक्त आधीच कमी, तिथलं हाड जुळायला आणखी उशीर होतो. आमच्या बॅचमधला एक दादा "एकच पुडी" म्हणत होता. त्याच्या डॉक्टरांनी त्याला सरळ सांगितलं की स्क्रू मी घालीन, पण हाड तुम्हीच जुळू देत नाही आहात.

पायरी ६: प्लॅस्टर निघालं

कटर आवाज भयंकर करतो, पण त्याचं पातं गरगर फिरत नाही, थरथरतं, त्यामुळे कातडी सहसा कापली जात नाही. आतून निघालेला पाय पाहून मात्र धक्का बसेल. पोटरी हातात मावेल एवढी, कातडी सालपटलेली, घोटा लाकडासारखा. मी दोन्ही पाय शेजारी ठेवून फोटो काढला आणि लगेच पुसून टाकला. तुम्ही ठेवा. दोन महिन्यांनी तोच धीर देतो.

आता भार टाकायला शिकायचं. फिजिओताईंनी मला घरचा वजनकाटा वापरायला लावला, आणि गणिताची बाई असल्यानं मला ते फारच आवडलं. दुखरा पाय काट्यावर, चांगला पाय शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर, आधाराला ओटा. माझं वजन ६० किलो. पहिल्या आठवड्यात काटा १५ वर जाईपर्यंत भार, मग ३०, मग ४५, मग पूर्ण. किती आणि कधी हे तुमचे डॉक्टर सांगतील, पण "थोडा भार टाका" म्हणजे किती, हे पायाला काट्याशिवाय कळत नाही. मला जे १५ वाटत होतं ते प्रत्यक्षात २८ निघालं.

व्यायाम साधेच आहेत, कंटाळवाणे आहेत आणि तेच कामाचे आहेत:

- घोट्यानं हवेत बाराखडी काढणं
- फरशीवरचा टॉवेल बोटांनी ओढून गोळा करणं
- बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकणं (माझ्या मुलानं यात मला रोज हरवलं)
- रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या दिशेनं ढकलणं. मुरगळण्यापासून वाचवणारे स्नायू हेच
- ओट्याला धरून टाचा उचलणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका
- एका पायावर उभं राहणं, मग डोळे मिटून

मधुमेह असेल तर एक गोष्ट वेगळी. पुढे मी "दुखलं तर थांबा" असं सारखं म्हणणार आहे. मधुमेहानं पायाची जाणीव कमी झाली असेल तर दुखणारच नाही. तुमच्यासाठी सूज, लाली आणि पायाचा गरमपणा हे इशारे, आणि प्रत्येक पायरी डॉक्टरांना विचारूनच.

पायरी ७: दुखायचं थांबलं, तो आठवडा सांभाळा

मी इथे घसरले. मेचा मधला आठवडा, शाळेला सुट्टी, प्लॅस्टरनंतर दिलेला बूटही निघालेला. डॉक्टरांनी चालणं आणि जागेवरची सायकल एवढ्यालाच हो म्हटलं होतं. पण पाय दुखत नव्हता! बॅडमिंटन हॉलवर नुसती बघायला गेले आणि रॅकेट नेली. (बघायला जाताना रॅकेट कोण नेतं?) डबल्समध्ये एक जण कमी होता. "मी मागे उभी राहून खेळते, पळणार नाही," असं म्हणून उतरले. दोन गेम खेळले. काही झालं नाही. आइसक्रीम खाऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला ओट्याशी उभी राहिले, आणि दुधाचं पातेलं उचलताना अंगाचा भार उजवीकडे गेला. करंगळीच्या मागे, नेमक्या त्याच जागी, कोणी खिळा टेकवावा तसं झालं. पुन्हा एक्स-रे. बाहेरच्या कडेला भेग अजून उघडीच. डॉक्टर ओरडले नाहीत. फिल्म खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, हाड भरत होतं, भरलेलं नव्हतं." जून संपेपर्यंत परत बूट. नागपूरच्या जूनमध्ये, गुडघ्यापर्यंतचा बूट.

तेव्हा धावायला सुरुवात करण्याआधी या सगळ्या गोष्टी जमायला हव्यात, एक-दोन नव्हे:

- डॉक्टरांनी एक्स-रे पाहून होकार दिलाय
- मोडलेली जागा अंगठ्यानं जोरात दाबली तरी दुखत नाही
- पाऊण तास झपाझप चाललं, तरी दुसऱ्या सकाळी पाय हलका
- दुखऱ्या पायावर एकट्यानं वीसेक वेळा टाच उचलता येते, साधारण दुसऱ्या पायाइतकीच उंच
- त्याच पायावर जागच्या जागी दहा उड्या, न दुखता आणि न अडखळता

मग एक दिवसाआड: एक मिनिट हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. जमलं की दोन मिनिटं धावणं, एक चालणं. पुढे हळूहळू सलग वीस मिनिटं. रस्ता निवडताना सिमेंट रोड टाळा, आणि आपल्याकडे तर आता गल्लीबोळही सिमेंटचे. वस्तीतलं मातीचं सपाट मैदान सगळ्यात चांगलं, पण पावसाळ्यात ते निसरडं होतं आणि गवताखालचा खड्डा दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी ट्रेडमिलवरच धावले. फुटाळ्याला जायचा मोह होतो, पण संध्याकाळच्या गर्दीत चुकवाचुकवी करत धावणं म्हणजे आयतं मुरगळणं.

धावताना दुखणं दहापैकी दोनपर्यंत असेल आणि रात्रीत विरत असेल तर चालतं. पण खरा निकाल दुसऱ्या सकाळी, पलंगावरून उतरल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत लागतो. लंगडलात, सूज दिसली किंवा ती जागा बोटाखाली दुखली, तर एक पायरी मागे आणि दोन दिवस विश्रांती. तरीही राहिलं तर फिजिओकडे नव्हे, डॉक्टरकडे.

पायरी ८: कोर्टवर

आधी बूट बदला. माझे जुने बूट उलटे करून पाहिले तर उजव्याची बाहेरची कड पार झिजलेली. म्हणजे माझा भार आधीपासूनच कडेवर पडत होता आणि ते हाड वर्षानुवर्षं जास्तीचं सोसत होतं. पावलाची कमान उंच असणाऱ्यांना हा त्रास जास्त. फिजिओला चालून दाखवा. आत वेगळी गादी लागेल का, ते सांगतील. धावायचे बूट घालून कोर्टवर जाऊ नका. त्यांचा तळवा उंच आणि मऊ असतो, बाजूला झेप घेतली की कलतो. कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर तर सुरुवात करूच नका. लाकडी किंवा मॅटचं कोर्ट शोधा.

पहिला आठवडा शटलशिवाय. सहा कोपऱ्यांचं फूटवर्क, निम्म्या वेगानं, दहा मिनिटं. पोरं हसतात, हसू द्या. मग कोणीतरी हातानं शटल टाकायचं आणि आपण ठरलेल्या कोपऱ्यात जायचं. मग अर्ध्या कोर्टवर सिंगल्स. माझ्या फिजिओताईंचा आग्रह होता की डबल्स त्यानंतर, कारण तिथे अचानक वळावं लागतं आणि भिडूच्या पायावर पाय पडू शकतो. जंप स्मॅश सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्याला किमान आठवडा, आणि दोन खेळांमध्ये एक दिवस मोकळा. कबड्डीवाल्यांनी हाच क्रम लावायचा: आधी एकट्यानं रेडची पावलं, मग हलका स्पर्श, पकड सगळ्यात शेवटी.

पाय तयार झाला तरी डोकं तयार नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे पडणारं शटल दिसलं की मी अर्ध्यातच थांबायचे आणि पॉइंट सोडायचे. त्यावर उपाय म्हणून पुढची झेपच रोज वीस वेळा केली, शटलशिवाय, टाच आधी टेकवून, गुडघा आणि पंजा एका रेषेत ठेवून. तीन आठवड्यांनी ते थांबणं गेलं. काका अजूनही मी पुढे झेपावले की डोळे मिटतात.

थंडीत पहाटे ती जागा जरा आखडते. दहा मिनिटं अंग गरम केल्याशिवाय मी कोर्टवर पाऊल टाकत नाही, आणि नवा एक्स-रे काढायची वेळ आली तर जुना सोबत असावा म्हणून फाइल अजून कपाटात आहे.

कुबड्याही आहेत, बाथरूमच्या दारामागे. कॉलनीत आतापर्यंत दोघांनी नेल्या. शेवटी नेल्या त्या माझ्याहून फूटभर उंच मुलानं, त्यामुळे आत्ता त्याच्या मापाच्या आहेत. कोणाला हव्या असतील तर घेऊन जा. फक्त आधी उंची लावा, आणि डाव्या कुबडीचं रबर बदलायला झालंय.